थंड पाण्यातलं बुडालेलं जहाज आणि नागपूरचा डाइव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळचा पूलमधला सराव संपला की आम्ही काठावर बसतो. कोणीतरी थर्मासमधून चहा ओततं आणि प्रश्न सुरू होतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एचएमएस पोर्ट नेपियर नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं जहाज बुडालेलं आहे. तिथे मी दोन वेगवेगळ्या वर्षी मिळून पाच डाइव्ह केल्या, तेव्हापासून बहुतेक प्रश्न त्याच जहाजाभोवती फिरतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ज्यांनी तारकर्लीला किंवा अंदमानला चार-दोन डाइव्ह केल्यात आणि आता थंड पाण्यात उतरायचं मनात आहे, अशांसाठी हे आहे. प्रशिक्षकाची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही.

नागपूरला समुद्रच नाही. इथे राहून हे जमतं का?

जमतं. मुंबईचा समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटरच्या वर आहे आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, हे खरं. पण पाण्याखाली जे लागतं त्यातलं बरंचसं पूलमध्येच शिकायचं असतं: न हलता एका पातळीवर तरंगत राहणं, मास्क पाण्याने भरला तरी न घाबरणं, बडीकडून, म्हणजे सोबतच्या डाइव्हरकडून, हवा घेणं, श्वास संथ ठेवणं. समुद्राकाठच्या लोकांना रोजचा समुद्र मिळतो, पूलचे तास मिळतातच असं नाही. आपल्याकडे पूल आहे आणि तो आपण मनापासून वापरला पाहिजे.

माझा क्रम असा होता. आधी पोहणं पक्कं केलं. मग ओपन वॉटर या डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सची पुस्तकी तयारी घरी, पूलमधला भाग पूलमध्ये आणि समुद्रातल्या डाइव्ह तारकर्लीला. त्यानंतर दोन हिवाळे गरम पाण्यात तीसेक डाइव्ह. मग ड्रायसूटचं (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाचं) वेगळं प्रशिक्षण आणि त्यानंतर थंड पाणी. यातली एखादी पायरी गाळून पुढे गेलेले लोक मी पाहिलेत. पाण्यात ते थकतात आणि सोबतच्यालाही थकवतात.

पोहता येत नसेल तर?

तर आधी पोहायला शिका. ओपन वॉटर प्रमाणपत्रासाठी साधारणपणे २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगत राहावं लागतं. वेळेची अट नसते. ही कमीत कमी पातळी आहे. पर्यटकांना हात धरून पाण्याखाली नेऊन आणतात ती गोष्ट वेगळी, त्या अनुभवावर थंड समुद्रात जाता येत नाही.

हे पोर्ट नेपियर नेमकं काय आहे?

इंग्लंडच्या टाइन नदीकाठी वॉल्सेंडला स्वान हंटरच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं. आखलं होतं मालवाहू म्हणून. १९४० साली युद्ध पेटलेलं होतं, त्यामुळे ब्रिटिश नौदलाने ते ताब्यात घेतलं आणि पाणसुरुंग पेरणारं जहाज केलं. जर्मन पाणबुड्यांना अटलांटिककडे जाणारी वाट अडवण्यासाठी उत्तरेच्या समुद्रात सुरुंगांची मोठी पट्टी अंथरायचं काम चाललं होतं आणि त्या ताफ्याचा तळ काइल ऑफ लोखाल्श या छोट्या बंदरगावात होता. समोर स्काय बेट, मधे अरुंद खाडी.

२७ नोव्हेंबर १९४० ला जहाजावर इंधन भरणं चालू असताना इंजिन रूममध्ये आग लागली. पोटात साडेपाचशेच्या आसपास पाणसुरुंग होते. गावातल्या लोकांना घरं सोडायला लावली, जळतं जहाज धक्क्यापासून ओढून लांब नेलं. तिथे त्याच्यात स्फोट झाला आणि ते उजव्या कुशीवर कलंडून बुडालं. सुरुंगांचा मोठा साठा मात्र फुटला नाही. फुटला असता तर त्या गावाचं काय झालं असतं याचा विचार मी त्या धक्क्यावर उभा राहून केला आहे. धक्क्यापासून पहिल्या घरांपर्यंत दोन मिनिटं चालायचं अंतर आहे.

सुरुंग तसेच पाण्याखाली ठेवून चालणार नव्हतं. १९५५-५६ मध्ये नौदलाचे पाणबुडे आले, वर आलेल्या डाव्या बाजूचे पत्रे काढले आणि सुरुंग व दारूगोळा बाहेर काढला. आज जहाजाची वरची बाजू उघडी दिसते ती त्यामुळे. जहाज दीडशे मीटर लांब आहे. तळ २० मीटरच्या आसपास आणि वरचा भाग इतका वर की मोठ्या ओहोटीला तो पाण्याबाहेर डोकावतो.

२० मीटर म्हणजे उथळच. मग एवढी तयारी कशाला?

"उथळ" या शब्दाने फसू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

हवेचा हिशेब करून बघा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलं की त्यात साधारण २४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव, म्हणजे ६०० लिटर बाजूला. उरले १८००. पृष्ठभागावर शांत माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे तोच श्वास ४० लिटर खातो: ४५ मिनिटं. आता थंडी घाला. अंग कुडकुडत असेल, जाड सूटमध्ये हालचाल जड असेल, तर तोच माणूस २५ लिटर घ्यायला लागतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ७५ लिटर. १८०० ला ७५ ने भागा. २४ मिनिटं, त्यात उतरणं आणि चढणंही आलं. सिलिंडर तेच, माणूस तोच, वेळ जवळजवळ अर्धी झाली.

दुसरं, फुप्फुसाला सगळ्यात जास्त धोका शेवटच्या १० मीटरमध्ये असतो. १० मीटरवरून श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि तेवढी जागा तिथे नसते. फुप्फुस फाटायला चाळीस मीटर खोली लागत नाही. म्हणून काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही, हे गरम पाण्यात इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की थंड पाण्यात घाबरल्यावरही तेच आपोआप घडेल.

थंड म्हणजे किती थंड?

त्या किनाऱ्यावर मार्चच्या सुमारास पाणी ७ अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १३-१४ पर्यंत जातं. नागपुरात जानेवारीच्या पहाटे हवा ८-१० अंशांवर येते तेव्हा आपण स्वेटर, मफलर घालून शेकोटीजवळ बसतो. पण ती हवा असते. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. त्यामुळे "मी नागपूरची थंडी सोसली आहे" हा हिशेब पाण्यात लागू होत नाही. तसंच "मी उन्हाळ्यातला माणूस, मला जमणारच नाही" हेही खरं नाही. सूट, त्याखालचे कपडे आणि सवय यांवर सगळं ठरतं. माझ्यासोबत बोटीवर असलेले तिथलेच डाइव्हर माझ्याइतकेच कपडे घालून होते.

थंड पाण्याचा पहिला झटका चेहऱ्याला बसतो. पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, छाती आवळल्यासारखी वाटते. हे होणारच आहे आणि ते ओसरतं. म्हणून पाण्यात शिरलं की लगेच खाली जायचं नाही. पृष्ठभागावर दोरी धरून थांबायचं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारं यंत्र) तोंडात ठेवून चेहरा पाण्यात बुडवायचा, मनात सावकाश साठ आकडे मोजायचे. श्वास सुरळीत झाला की मगच बडीला खूण करायची. माझ्या पहिल्या डाइव्हला मला साठ पुरले नाहीत, दोनदा मोजावे लागले. बडी शांतपणे थांबला. असाच बडी निवडा.

ड्रायसूट घ्यायचाच का? जाड वेटसूट चालणार नाही?

१३-१४ अंशांत ७ मिलिमीटरचा वेटसूट घालून उतरणारे लोक आहेत. पण एका दिवसात दोन डाइव्ह, मधे वाऱ्यात बोटीवर तासभर बसणं आणि मूळचे आपण विदर्भातले, हे सगळं धरून मी ड्रायसूटच सांगतो.

वेटसूटमध्ये पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने कोमट होतं. ड्रायसूटमध्ये मान आणि मनगटाला सील असतात, पाणी आत येत नाही आणि आतल्या गरम कपड्यांभोवती हवा राहते. ऊब त्या हवेची. पण हीच हवा डाइव्हरला त्रासही देते. खाली जाताना ती दबते आणि सूट अंगाला चिमटे काढतो, म्हणून छातीवरचं बटण दाबून सूटमध्ये थोडी हवा भरावी लागते. वर येताना ती फुगते, म्हणून दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढावी लागते. डोकं खाली आणि पाय वर झाले तर सगळी हवा पायांत जाते आणि माणूस फुग्यासारखा उलटा वर निघतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि हवा खांद्याकडे आणायची, हा सराव पूलमध्ये वीस वेळा झालेला असावा.

घालताना घाई करू नका. नखं कापलेली हवीत. घड्याळ, अंगठी, कडं सगळं काढून ठेवायचं. सीलच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर लावली की हात सहज सरकतो. मानेची सील डोक्यावरून घेताना बोटं सपाट ठेवून आतून ताणायची, नखाने ओढायची नाही. सील कातडीवर सपाट बसली पाहिजे. मधे केसाची बट, साखळी किंवा बनियनची कड अडकली तर तिथून पाणी येणारच. मंगळसूत्र किंवा जानवं असेल तर ते सीलच्या खाली पूर्ण आत राहील असं बघा. सूटची चेन ओढून झाली की बडीकडून तपासून घ्या. मग उकिडवं बसायचं, मानेची सील बोटाने किंचित उचलायची आणि आतली जादा हवा बाहेर जाऊ द्यायची. सूट अंगाला चिकटल्यासारखा झाला की तयारी झाली.

आत सुती कपडे नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, त्यावर जाड फ्लीस.

भाड्याने सूट घेत असाल तर पाण्यात जायच्या आधी सील ताणून, उजेडात धरून बघा. मी एकदा न बघता घेतला होता. डाव्या मनगटाच्या सीलला घडीच्या जागी बारीकशी चीर होती. दहाव्या मिनिटाला कोपरापर्यंत गार पाणी चढलं, पंधराव्या मिनिटाला डाव्या हाताने क्लिप उघडेना. डाइव्ह तिथेच संपवली. दोष सूट भाड्याने देणाऱ्याचा तर होताच, पण सील बघणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

खाली जाण्यासाठी अंगावर वजन किती बांधावं लागेल?

गरम पाण्यापेक्षा बरंच जास्त. मला तारकर्लीला पातळ वेटसूटमध्ये ४ किलो पुरतात, ड्रायसूटमध्ये १२ लागतात. हा माझा आकडा आहे, तुमचा वेगळा येईल. पूलमध्ये जे वजन जमतं ते समुद्रात कमी पडतं, कारण खारं पाणी जड असतं. सामानासकट ९५ किलोचा माणूस असेल तर साधारण अडीच किलो वाढवावे लागतात. पहिल्या डाइव्हआधी उथळ पाण्यात, सिलिंडर रिकामं होत आलेलं असताना काय होईल याचा अंदाज घेऊन वजन तपासा.

रेग्युलेटर गोठतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. सिलिंडरमधली २०० बारची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात एकदम दहाएक बारवर उतरते. दाब असा झपकन उतरला की हवा कडक थंड होते. बाहेरचं पाणी आधीच थंड असेल तर आतल्या भागावर बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धो-धो वाहायला लागते. युरोपचं ईएन २५० हे मानक १० अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी धरतं आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी मागतं. आपल्याकडे भाड्याने मिळणारे रेग्युलेटर गरम समुद्रासाठी घेतलेले असतात. ते तिकडे नेऊ नका. तिथलाच, थंड पाण्यासाठीचा घ्या.

सवयीही बदलाव्या लागतात. बोटीवर रेग्युलेटरमधून उगाच श्वास घेऊन बघायचा नाही, कारण श्वासातली वाफ आत राहते. पर्ज बटण (रेग्युलेटरमधून हवा जोरात सोडणारं) बराच वेळ दाबून धरायचं नाही. बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) आणि सूटमध्ये हवा थोडी-थोडी भरायची, एकाच वेळी दोन्हीत भरायची नाही. आणि हवा वाहायला लागलीच तर ओठ सैल ठेवून त्या धारेतून हवी तेवढी हवा घ्यायची, बाकीची कडेने जाऊ द्यायची, बडीला खूण करायची आणि वर निघायचं. पूलमध्ये हे पर्ज बटण दाबून शिकता येतं. भरलेलं सिलिंडर काही मिनिटांत रिकामं होतं, त्यामुळे "थोडं बघून मग जाऊ" म्हणायला वेळ नसतो.

नागपुरात थंडीचा सराव कसा करायचा?

अंगाला पूर्ण थंडीची सवय इथे होणार नाही. हातांना होते आणि हातच आधी निकामी होतात.

मी बादलीने करतो. बादलीभर पाण्यात बर्फ टाकायचा, थर्मामीटर लावून १० अंशांवर आणायचं. ५ मिलिमीटरचे हातमोजे घालून दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत दहा मिनिटं बुडवायचे. मग हात पाण्यातच ठेवून न बघता तीन कामं करायची: डबल-एंडर क्लिप (दोन्ही टोकांना उघडणारी) लावायची आणि काढायची, रीलची दोरी पाच वेढे सोडून परत गुंडाळायची, टॉर्च चालू-बंद करायचा. पहिल्या दिवशी क्लिप बादलीच्या तळाशी पडते. साधारण दोन आठवड्यांनी बोटांना डोळ्यांशिवाय रस्ता सापडतो. हृदयाचा त्रास असेल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि एकट्याने तर नकोच.

याशिवाय डिसेंबर-जानेवारीत उघड्या पूलमध्ये उतरा. इतर लोक तेव्हा येत नाहीत, पूल रिकामा असतो. त्या वेळचा सराव मला सगळ्यात उपयोगी पडला आहे.

तिथे दिसतं काय? पाणी तर गढूळ असतं म्हणे.

तारकर्लीची निळाई तिथे नाही. पाणी हिरवं, कधी ३ मीटर दिसतं, कधी १०. पहिल्यांदा उतरलो तेव्हा दोरीच्या खालच्या टोकाला मला फक्त हिरवा काळोख दिसत होता. मग समोर एक भिंत आली, टॉर्च तिच्यावर टाकला आणि भिंत पांढऱ्या-केशरी फुलांनी भरलेली निघाली. समुद्रफुलं होती ती, वीतभर उंच, कोबीच्या गड्ड्यासारखी दाट डोक्याची. मधेमधे मऊ प्रवाळाचे बोटांसारखे पांढरे झुपके. लाल रंग पाच-सहा मीटरनंतर डोळ्यांना दिसत नाही, सगळं करडं-हिरवं होतं. टॉर्चचा झोत जिथे पडेल तेवढ्याच वर्तुळात रंग जागे होतात.

थोडं पुढे गेल्यावर भिंतीतून दोर बांधायचे लोखंडी खुंटे माझ्याकडे आडवे आलेले दिसले, तेव्हा कळलं की ही भिंत म्हणजे जहाजाचा डेक आहे. सगळं जहाज कुशीवर असल्याने जमीन उभी झाली आहे. माणसं जिथून चालत होती तिथे आता माझ्यापासून हातभर अंतरावर खेकडा बसलेला. डोलकाठ्या आडव्या होऊन हिरव्या पाण्यात नाहीशा होतात. दरवाजे छतात आणि जमिनीत आलेत. डोळ्यांना हे उमगायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या डाइव्हला फार फिरायचं नाही. एक टोक धरा, डेकच्या कडेकडेने जा आणि त्याच वाटेने परत या.

वरच्या पाच-सहा मीटरमध्ये केल्प या मोठ्या समुद्रशेवाळाचं रान आहे, चामड्याच्या पट्ट्यांसारखी लांब पानं लाटेबरोबर डोलत असतात. शेवटची मिनिटं मी तिथेच घालवतो. उजेड असतो, लहान मासे असतात आणि वर यायच्या आधीचं थांबणंही होऊन जातं.

जहाजाच्या आत जाता येतं का?

उघड्या भागांवरून पोहता येतं. आत शिरायचं नाही, निदान वेगळं प्रशिक्षण, रील, दोन-तीन टॉर्च आणि हवेचा वेगळा हिशेब असल्याशिवाय. ऐंशीहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात असलेला पत्रा कागदासारखा होतो. आत गाळ साचलेला असतो, फिनचा एक फटका बसला की समोरचं काही दिसत नाही. त्यात जहाज आडवं, म्हणजे जिना शोधायला गेलात तर जिना भिंतीवर. "जरासं डोकावून" असं काही नसतं. वर मोकळं पाणी दिसतं आहे तोवरच पुढे जायचं.

एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणली तर?

नाही. या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही, फक्त ज्याने आणली त्याच्याबरोबर परत डाइव्ह करत नाही.

कायदा आधी सांगतो. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजावरून काहीही वर आणलं तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. १९७३ च्या कायद्याने काही ऐतिहासिक जहाजांना संरक्षण दिलं आहे, तिथे परवान्याशिवाय उतरताच येत नाही. १९८६ च्या कायद्याने लष्करी अवशेषांना संरक्षण आहे. ऑर्कनीच्या स्कापा फ्लोमध्ये १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली युद्धनौका एचएमएस रॉयल ओक त्यातलीच. आठशेहून अधिक नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती त्यांची समाधी आहे आणि तिथे डाइव्ह करायला बंदी आहे.

कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. समुद्रातलं लोखंड वर आणलं की त्यात मुरलेलं मीठ त्याला आतून फोडतं. काही महिन्यांत त्याचे पापुद्रे निघतात. इंग्लंडच्या सोलेंटमध्ये १५४५ साली बुडालेली मेरी रोझ ही युद्धनौका १९८२ मध्ये बाहेर काढली, त्यानंतर तिच्या लाकडावर ३० वर्षांच्या आसपास पाणी आणि मेणासारख्या द्रावणाचे फवारे मारत राहावे लागले. जे काम एका संग्रहालयाला तीन दशकं पुरलं, ते तुमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये होणार नाही. पाण्याखाली ती वस्तू अजून शंभर वर्षं राहील आणि पुढचा डाइव्हर ती तिच्या जागी बघेल. शिवाय हे दारूगोळ्याचं जहाज आहे. ओळखू न येणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका.

ब्लड प्रेशर, दमा, डायबेटिस असेल तर?

डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून लेखी प्रमाणपत्र घ्या. फॉर्मवर खोटं "नाही" लिहू नका. बीपीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चाळिशीनंतर ते सर्रास असतं आणि गोळी चालू आहे म्हणून लोक ते सांगतच नाहीत. थंड पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छातीकडे जमा होतं आणि काही जणांच्या फुप्फुसात पाणी उतरतं. बीपी असणाऱ्यांना हा धोका जास्त. पाण्याखाली अकारण धाप, खोकला, छातीत घरघर सुरू झाली तर डाइव्ह तिथेच सोडायची, वर यायचं आणि ऑक्सिजन मागायचा. हे थकव्याने झालं असं समजून पुढे जाणं जिवावर बेततं.

चष्मा आहे.

नंबरचा मास्क मिळतो. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात.

कधी जावं?

मी सप्टेंबर सांगेन. पाणी वर्षातलं सगळ्यात कोमट असतं. मे-जूनमध्ये दिवस लांब असतात, पण वसंतात सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि पाणी हिरव्या रश्शासारखं दाट होतं.

तारीख ठरवताना पंचांगही काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, प्रवाह जोरात; अष्टमीच्या आसपास भांगाची, प्रवाह मंद. कोकणातला मच्छीमार याच हिशेबाने समुद्रात जातो आणि स्कॉटलंडचा चंद्र काही वेगळा नाही. पोर्ट नेपियर तसं आडोशाला आहे, पण जवळच्या काइल ऱ्हिया या अरुंद पट्ट्यातून पाणी नदीसारखं धावतं. उतरायचं की नाही हे बोटीचा कप्तान ठरवेल. तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही, हजारो रुपये खर्चून आलो असलो तरी.

नागपूरहून पोहोचायचं कसं?

दिल्ली किंवा मुंबईमार्गे लंडन, तिथून इन्व्हर्नेस आणि इन्व्हर्नेसहून काइल ऑफ लोखाल्शपर्यंत रेल्वे. शेवटचा प्रवास अडीच तासांच्या आसपास. उजवीकडची खिडकी पकडा. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो, तो वेळ घेतो. डाइव्हिंगचा विमा वेगळा काढा, साधा प्रवासविमा यात पुरत नाही.

सामान घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) आणि आतले गरम कपडे आपले न्या, बाकी तिथे भाड्याने.

परतीचं विमान किती वेळाने पकडायचं?

एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, रोज किंवा दिवसात अनेक केल्या असतील तर किमान १८. मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवतो. परतीच्या प्रवासात आपल्याला दोन-तीन विमानं बदलायची असतात, त्यामुळे काटोकाट हिशेब करू नये.

थंडीचा इथेही संबंध आहे. डाइव्हच्या शेवटी अंग गार पडलं की रक्ताभिसरण मंदावतं आणि शरीरातला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. म्हणून थंड पाण्यात कॉम्प्युटरने दिलेली वेळ पूर्ण वापरू नका आणि वर आल्या आल्या कडकडीत गरम पाण्याची आंघोळ करू नका. कोरडे कपडे, टोपी, गरम पेय, अर्धा-पाऊण तास बसणं. मग आंघोळ.

खाण्याचं काय?

आदल्या रात्री आणि सकाळी तिखट, तेलकट नको. पाण्याखाली डोकं खाली झालं की आंबट वर येतं आणि रेग्युलेटर तोंडात असताना ते फार वाईट. पूलच्या सरावाआधीही हेच, सावजी रविवारी रात्री खा. थंडीत अंग भरपूर उष्णता जाळतं, त्यामुळे उपाशी जाऊ नका. तिथे सकाळी ओट्सची लापशी मिळते, ती चांगली. शाकाहारी असाल तर थोडे मेतकूट-भाताचे, उकडपेंडीचे जिन्नस सोबत ठेवा, गावात छोटी किचन असलेली घरं भाड्याने मिळतात. पाणी पीत राहा. दारू आदल्या रात्रीही नको.

मुलांना नेता येईल?

दहा वर्षांपासून ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. पण लहान अंग लवकर गार पडतं आणि मूल ते वेळेवर सांगत नाही. मी सोळाच्या आत थंड पाण्यात कोणाला नेणार नाही. त्यांना तारकर्लीला न्या, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचे खडक आणि मासे दाखवा.

आपल्याकडे असं बुडालेलं जहाज नाही का?

गोव्याजवळच्या सुंची रीफवर पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासले आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याचाही पाण्याखालच्या पुरातत्त्वाचा विभाग आहे. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, स्कुबा संस्था आहे. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार सिंधुदुर्गच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी एमटीडीसीकडे सोपवली गेली आहे. गरम पाण्यात, घराजवळ, मराठीतून सूचना ऐकत बुडालेल्या जहाजावर पहिली डाइव्ह करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि थंड पाण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

सरावाला यायचं असेल तर काय आणायचं?

टॉवेल, पाण्याची बाटली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. हातमोजे असतील तर तेही. हिवाळ्यात येणार असाल तर डोक्याला लोकरीची टोपी आणा, पूलमधून बाहेर आल्यावर लागते. बर्फ आणि बादली माझ्याकडे असते.